तीन आठवडे नव्हे, पाच महिने

मळा, पणजी
रविवार, संध्याकाळ

प्रिय ओंकार,

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, तुझी टाच दुखत होती तेव्हा तू किती दिवस थांबलीस?" मी म्हटलं, तीन आठवडे. तू लगेच बोटांवर हिशेब केलास की तेवढ्यात तुझी नडगी बरी होईल आणि पुढच्या महिन्यातली हाफ मॅरेथॉनही होईल. फोन ठेवल्यापासून मनाला चैन नाही. ती थाप होती. माझे पाच महिने गेले. हे लिहूनच कळवते, कारण फोनवर तू मध्येच तोंड घालतोस, आणि आपण कोंकणीत जेवढं जोरात भांडतो तेवढं मराठीत लिहिताना भांडता येत नाही.

झालं असं. जानेवारीत मी आठवड्यातून दोनदा आल्तिनोचा चढ धरला आणि त्याच वेळी रविवारी मिरामारच्या मऊ वाळूत अनवाणी पळायला लागले. एका वेळी एक केलं असतं तर कदाचित निभावलं असतं. चढावर चवड्यावर भार येतो, वाळूत टाच खाली रुतते, आणि दोन्हींचा ताण पोटरी नि टाच जोडणाऱ्या जाड शिरेवर, अकिलिस टेंडनवर येतो. मी पडले नाही, पाय मुरगळला नाही. एका सकाळी पोदेराचा भोंगा ऐकून पाव घ्यायला उठले आणि दारापर्यंतची पहिली दहा पावलं लंगडत गेले. आंघोळ होईपर्यंत पाय मोकळा. म्हटलं, गेलं दुखणं.

ही शीर लबाड असते. पळताना गरम झाली की गप्प बसते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वसूल करते. मी दहा दिवस थांबले, पळाले, पुन्हा लंगडी. मग अकरा दिवस थांबले, पुन्हा तेच. तुला सांगितलेले तीन आठवडे म्हणजे ह्या दोन थांब्यांची बेरीज! मळ्याच्या मारुतीच्या जत्रेला मी खालूनच हात जोडले. त्या पायऱ्या चढायची हिंमत नव्हती. कोळीण म्हणाली, "बाये, पांयाक कितें जालां?" बांगडे घेता घेता तिला सगळं सांगितलं, आणि तुला मात्र सांगितलं नाही. एका डॉक्टरांनी पायाला हातही न लावता "ह्या वयात पळायचं कशाला" म्हणून वाटेला लावलं. त्या रागात मी आणखी एकदा पळाले. तो तिसरा मूर्खपणा.

मग फिजिओकडे गेले. तिनं पहिलंच सांगितलं की नुसती विश्रांती घेतली तर दुखणं थांबतं, पण शीर काही घट्ट होत नाही. तिला बेताचा भार हवाच. स्वीडनमध्ये हाकन आल्फ्रेडसन नावाच्या डॉक्टरांनी १९९८ साली १५ हौशी खेळाडूंवर केलेला व्यायाम तिनं मला दिला. पायरीच्या कडेला चवड्यांवर उभं राहायचं, बऱ्या पायानं वर जायचं आणि दुखऱ्या पायावर हळूहळू टाच खाली सोडायची. गुडघा सरळ ठेवून १५ वेळा, असं तीनदा. गुडघा वाकवून पुन्हा तेवढंच. सकाळ-संध्याकाळ, १२ आठवडे. दिवसाला १८० होतात. आजीची जपमाळ घेऊन मोजायला गेले तर तिच्यात १०८च मणी. आजी म्हणाली, "टाचेला पुण्य लागत असेल तर माझी माळ ने."

व्यायामाचा कंटाळा फारसा नव्हता. खरा त्रास पहाटे पाचचा. सवयीनं जाग यायची आणि जायला ठिकाण नसायचं. मग मी मिरामारला जाऊन कट्ट्यावर बसायचे, आमच्या गटातल्या सगळ्यांच्या गाडीच्या किल्ल्या सांभाळत. दोन आठवडे केलं. एक दिवस कुणीतरी न विचारताच किल्ली माझ्या मांडीवर टाकून पळालं, आणि मला रडू आलं. बाबांना हे माहीत नाही. दुसऱ्या दिवसापासून सायकल काढली. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीनं चोडणला जायचं, खारफुटीच्या कडेनं एक चक्कर मारून परत. सायकलनं टाच दुखत नव्हती, आणि किल्ली माझी माझ्याच खिशात.

पुन्हा पळायला लागले तेव्हा फिजिओनं एक माप दिलं: दहापैकी पाचपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते उतरलं पाहिजे. उतरलं नाही तर पळणं कमी. कांपालच्या सपाट रस्त्यावर एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, अशी सुरुवात केली. जून उजाडला तेव्हा कुठं सलग तीन किलोमीटर झाले, तेही पावसात.

आता नीट वाच. हे माप शिरेचं आहे, हाडाचं नाही. तुझी नडगी दुखते. आतल्या कडेवर बोट दाबत खालून वर ने. चार बोटांच्या पट्टीत सगळीकडे दुखत असेल तर बहुधा नेहमीचं नडगीचं दुखणं, पळणं बरंच कमी केलं की शांत होतं. पण रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी टोचत असेल, रात्री झोपेत ठणकत असेल, किंवा त्या पायावर एक उडी मारली की कळ येत असेल, तर पळणं आजच बंद आणि उद्या हाडांच्या डॉक्टरकडे. तडा असेल तर सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रेमध्ये दिसतोच असं नाही, तेव्हा एक्स-रे चांगला आला म्हणून लगेच बूट बांधू नकोस. एमआरआय करावा लागेल का ते विचार. आणि गोळी खाऊन पळायचं नाही. तू ते करतोस हे तुझ्या आवाजावरून कळलं मला.

शर्यतीची फी गेली तर मी देते. बाबांना सांगू नकोस, त्यांच्या मते पळायला पैसे भरणं हीच मुळात चूक.

आज पाच किलोमीटर झाले, पाटोपासून मिरामारपर्यंत. आल्तिनो अजून नाही. नडगीवर बोट ठेवून कुठं दुखतं ते आज रात्रीच कळव, मी दहापर्यंत जागी आहे. सकाळी फोन करायचा तर पोदेर येऊन गेल्यावर कर. त्याच्या भोंग्याला उठून दारापर्यंतची दहा पावलं मी अजून मोजते.

तुझी,
आई