सराफकाका, त्या दोन नाण्यांबद्दल

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुमच्यासमोर आभार मानायला गेलो की तुम्ही चहा मागवता आणि विषय बदलता, म्हणून चारचौघांत लिहितोय. नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही.

त्या दिवशी मी दुकानात आलो तो अगदी हवेत होतो. जोगळटेंभीची नाणी! नाशिकजवळ १९०६ साली तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, सगळी नहपान या शक क्षत्रप राजाची, आणि त्यातल्या दोन तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा मारलेला. हरलेल्या राजाच्या तोंडावर जिंकलेल्याचं चिन्ह, तीन कमानींचा डोंगर. तसली दोन नाणी माझ्या खिशात होती. विकणारा म्हणाला होता, शेतात हंडा लागला.

तुम्ही आधी कसोटीचा दगड काढलात, चांदी चोख निघाली. मी खूश. तुम्ही म्हणालात, “चांदी खरीच असते रे, दोन ग्रॅमला कितीशी लागते?” मग दोन्ही नाणी शेजारी ठेवून भिंग माझ्या हातात दिलंत आणि गिऱ्हाइकाकडे वळलात. तुम्ही सांगून टाकलं असतंत तर मी वाद घातला असता, हे तुम्हाला बरोबर माहीत होतं.

दहा मिनिटं लागली मला. त्या डोंगराखालून नहपानाचं नाक डोकावत होतं, दोन्ही नाण्यांवर त्याच जागी, तेवढंच. जुन्या नाण्यावर हाताने हातोडा घालून मारलेला ठसा दोनदा तसाच कसा बसेल? कडेची चीरही जुळी. त्या चिरेच्या तळाशी तुम्ही सुई फिरवलीत. घणाखाली धातू फाटतो तेव्हा चीर आरपार जाते, इथे नुसती गुळगुळीत खाच होती, साच्यातून आलेली. अक्षरांच्या कुशीत बारीक गोळे होते, साच्यातल्या हवेच्या बुडबुड्यांचे. आणि कडेला सोनाराच्या कानशीचे ओरखडे. “हा तर आमच्यातलाच कुणी,” म्हणालात, आणि मला वाटतं तुम्हाला थोडी लाजही वाटली. नाण्याचा काळेपणा तर तुम्ही वासावरूनच ओळखलात. ऑक्सिडाइज्ड पैंजण काळे करायला तुम्ही वापरता तेच गंधकाचं पाणी.

हंड्याच्या गोष्टीवर तुम्ही जे बोललात ते मी मित्रांना शंभरदा ऐकवलंय: “खरंच सापडला असेल तर १८७८च्या कायद्याने तो कलेक्टरला कळवायचा, तुला विकायचा नाही. आणि सापडला नसेल तर तुझे पैसे गेले. तू दोन्हीकडून अडकलास.”

पैसे परत मिळाले नाहीत. विचारायला गेलो तर तो माणूस जागेवर नव्हता.

तुम्ही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितलीत, की नवा ठसा कोरून ठोकलेलं नाणं असेल तर तुमचं भिंगही फसेल. तिथे अक्षराचं वळण ओळखावं लागतं, आणि ब्राह्मी तुम्हाला येत नाही. म्हणून मला त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला, नाणेशास्त्राच्या संस्थेत पाठवलंत. “आधी खरी बघून ये, पोटभर.” गेलो. काचेपलीकडे खरी नाणी बघताना पहिल्यांदा कळलं की अस्सल ठशाच्या रेषा कशा ताणलेल्या असतात, माझ्या नाण्यांवरच्या साबण लावल्यासारख्या वाटतात. ठशावरचं ‘रञो गोतमिपुतस’, म्हणजे ‘राजा गौतमीपुत्राचं’, आता अडखळत का होईना वाचतो. गेल्या वर्षभरात एकच नाणं घेतलं, तेही पावतीसकट, क्षत्रपांचं नाही, साधी शिवराई.

ती जुळी मी विकणार नाही, तुम्हाला शब्द दिलाय. वेगळ्या डबीत ‘खोटी’ अशी चिठ्ठी घालून ठेवली आहेत. नवीन पोरं आली की आधी तीच काढून देतो, भिंगासकट, आणि गप्प बसतो.

भिंगावरून आठवलं, ते तुमचंच आहे. परत द्यायचं राहूनच गेलं. सोमवारी घेऊन येतो, चहा या वेळी माझा.

आपला,
तोच, दोन नाणी घेऊन आलेला