मुक्ताच्या पहिल्या वर्षाबद्दल

सॅन होजे, कॅलिफोर्निया
१२ जानेवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझी मुक्ता बारावीनंतर इथल्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात) येणार, दोन वर्षांनी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात जाऊन इंजिनिअरिंग पुरं करणार, हा बेत चांगला आहे. मात्र तुम्ही दोन वर्षं मोजताय, तिथं मला लगेच थांबवायचंय. तिचं पहिलं वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होईल. युनिव्हर्सिटीचा अर्ज पुढच्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरायचा असतो. त्या दिवशी तिच्या हातात फक्त पहिल्या वर्षाचे, आणि शिकली तर उन्हाळी सत्राचे गुण असतील. तिसऱ्या सत्राचे गुण नंतर, जानेवारीत कळवता येतात. म्हणजे मोठा भार पहिल्या वर्षावर.

आता पैसे. इथं विषय युनिटांत मोजतात, त्याबद्दल खाली सांगतो. तू वाचलेला युनिटमागे ४६ डॉलरचा दर राज्यातल्या रहिवाशांचा आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्याला त्यावर बाहेरच्यांची शिकवणी फी भरावी लागते आणि ती प्रत्येक कॉलेजची वेगळी असते. समज, सगळं मिळून युनिटमागे ४०० डॉलर पडले, तर १५ युनिटांच्या एका सत्राचे ६,००० होतात. राहणं, आरोग्य विमा, पुस्तकं वेगळी. बहुतेक कम्युनिटी कॉलेजांना वसतिगृह नसतं, त्यामुळे भाड्याचा खर्चही मोठा होतो. खोली बघताना कॉलेजच्या थेट बसमार्गावर बघायची.

युनिट म्हणजे आठवड्याला वर्गात एक तास आणि घरी दोन तास अभ्यास. व्हिसा टिकवायला सत्राला किमान १२ युनिटं लागतात. पण युनिव्हर्सिटीत जायला ६० लागतात. बारा-बाराने चार सत्रांत ४८ च होतात, म्हणून तिनं १५ घ्यावीत किंवा उन्हाळ्यात भर घालावी. त्या बारांतही ऑनलाइन वर्ग एकच, तीन युनिटांपर्यंत, धरला जातो. एखादा विषय जड जातोय म्हणून सोडताना बाराच्या खाली जायची वेळ आली, तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी आधी घ्यायची. आधी सोडून मग सांगितलं तर व्हिसाचा दर्जा जातो आणि तो परत मिळवणं फार कष्टाचं असतं.

खरा घोळ गणितात होतो, ते नीट वाच. इंजिनिअरिंगला कॅल्क्युलसचे तीन भाग, मग लिनिअर अल्जिब्रा आणि डिफरन्शियल इक्वेशन्स लागतात. कॅल्क्युलसचे भाग एकाला एक बांधलेले असतात. पहिला पास झाल्याशिवाय दुसऱ्याला बसता येत नाही. भौतिकशास्त्राच्या मेकॅनिक्सला कॅल्क्युलसचा पहिला भाग आधी किंवा सोबत लागतो. चार सत्रांत ही साखळी जेमतेम बसते, तीही पहिल्याच सत्रात कॅल्क्युलस एकपासून सुरुवात केली तर. प्रीकॅल्क्युलसमध्ये बसवलं की एक सत्र मागे. बारावीत कॅल्क्युलस झालंय म्हणून आपोआप वर बसवतील असं समजू नका; अकरावी-बारावीची गुणपत्रिका आणि अभ्यासक्रमाची प्रत घेऊन समुपदेशकाशी बोलावं लागतं. मागे पडलीच तर उन्हाळी सत्रात भरून काढता येतं. पण तिथं सहा-आठ आठवड्यांत पूर्ण सत्राचं गणित उरकतात, म्हणून सोबत दुसरा जड विषय नको.

कोणता विषय कुठल्या युनिव्हर्सिटीत कशाच्या बदल्यात धरतात ते राज्याच्या ‘असिस्ट’ या अधिकृत संकेतस्थळावर विषयागणिक दिलेलं असतं. ते बघूनच विषय निवडावेत, मैत्रिणींचं ऐकून नाही. भौतिकशास्त्राची मालिका अर्धी एका कॉलेजात, अर्धी दुसऱ्यात असं करू नये. तुकडे कधीकधी धरत नाहीत.

प्रवेशाची हमी देणारी एक योजना आहे, टॅग. तिचा अर्ज सप्टेंबरच्या १ ते ३० तारखेत, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या एकाच आवाराला (कॅम्पसला) करता येतो. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ ही सहा आवारं त्यात आहेत. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन दिएगो नाहीत. काही आवारं इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटर सायन्सला हमी देत नाहीत, तेव्हा शाखेची अट आधी बघायची.

वर्गाबद्दल थोडं. नवीन विद्यार्थ्यांची नोंदणी उशिरा उघडते, तोवर चांगले वर्ग भरलेले असतात. प्रतीक्षायादीत नाव घालून पहिल्या तासाला हजर राहायचंच. जागा रिकामी झाली की शिक्षक प्रवेशाचा कोड देतात. ज्यांचं नाव पक्कं आहे पण पहिल्या दिवशी आले नाहीत, त्यांना वर्गातून काढूही शकतात. पहिल्या साधारण दोन आठवड्यांत विषय सोडला तर बहुतेक फी परत मिळते आणि गुणपत्रिकेवर खूण राहत नाही. नंतर सोडला तर ‘डब्ल्यू’, म्हणजे विषय सोडल्याची खूण, राहते. म्हणून पहिली चाचणी होण्याआधीच, पहिल्या गृहपाठावरून, झेपतंय का ते ठरवावं लागतं. आपल्याकडच्यासारखं शेवटच्या महिन्यात गाईड घेऊन बसून इथं भागत नाही. दर आठवड्याचा गृहपाठ, छोट्या चाचण्या आणि दोन-तीन मोठ्या परीक्षा मिळून ग्रेड ठरते. अभ्यासक्रमपत्रिकेत प्रत्येकाचा वाटा लिहिलेला असतो. ती पहिल्याच दिवशी वाचून तारखा वहीत उतरवाव्यात. शिक्षक ठरावीक तासांना खोलीत बसतात, शिकवणी केंद्र मोफत असतं, दोन्हीकडे शंका घेऊन जायला लाजू नये. नक्कल किंवा दुसऱ्याचा गृहपाठ उतरवणं इथं फार गंभीर मानतात. घरून निघण्याआधीच हे तिला नीट समजावून सांग.

पुस्तकं विकत घेण्याआधी ग्रंथालयात राखीव प्रत आहे का बघावं. दोन-दोन तासांसाठी मिळते. वेळापत्रकात ज्या वर्गांपुढे ‘पुस्तकखर्च शून्य’ अशी खूण असते, ते आधी निवडावेत.

काम करायचं तर फक्त कॉलेजच्या आवारात, सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत. बाहेर हॉटेलात वा दुकानात रोखीनं काम, कुणी कितीही आपलेपणानं दिलं तरी, नाही म्हणजे नाही.

वर्गात शेजारी चाळिशीचा कारागीर किंवा दोन मुलांची आई बसलेली असेल. तास संपला की सगळे पांगतात, म्हणून तिनं एखादा क्लब किंवा अभ्यासगट पहिल्याच महिन्यात धरावा.

तिच्या दहावी, अकरावी आणि बारावीच्या गुणपत्रिका आणि बारावीच्या गणिताच्या अभ्यासक्रमाची प्रत स्कॅन करून या आठवड्यात पाठव. आय-२० साठी (व्हिसाकरता कॉलेज देतं त्या कागदासाठी) लागणारं बँकेचं पत्रही आत्ताच मागून ठेव, त्यात पहिल्या वर्षाचा पूर्ण खर्च दिसायला हवा. आय-२० वरच्या अभ्यासक्रम सुरू होण्याच्या तारखेच्या ३० दिवस आधीपासून इथं येता येतं. तिकीट त्या हिशेबानं, व्हिसा हातात आल्यावरच काढ.

वहिनीस नमस्कार, मुक्तास आशीर्वाद.

तुझा,
धाकटा