एमसीबी पडतो म्हणून मोठा बसवू नका

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. आगीच्या बातमीत ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज’ हे वाक्य आलं की मला पुढचं विचारावंसं वाटतं : बोर्डावर एमसीबी, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त करंट वाहिला की आपोआप पडून लाइन बंद करणारा स्विच, किती अँपिअरचा होता? ३४ वर्षं वायरमनचं काम केलं. आता हात थांबले, तरी ओळखीचे लोक बोलावतात.

गेल्या थंडीत मिरजेतल्या एका घरी गेलो होतो. बोर्ड गरम होतो, जळका वास येतो, एवढीच तक्रार. दिवे-पंख्यांच्या लाइनवर ३२ अँपिअरचा एमसीबी बसवलेला. घरातल्या वहिनी म्हणाल्या, “काका, आधीचा सहाचा सारखा पडायचा हो. हा बसवल्यापासून एकदाही पडला नाही.” स्विचबोर्ड उघडला. दीडच्या (दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या) वायरचं कव्हर तपकिरी होऊन कडक झालं होतं, बोटानं दाबलं तर पापडासारखं तुटलं. त्याच बोर्डाच्या साध्या सॉकेटवर सकाळी पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड, शेजारच्या सॉकेटवर १००० वॅटची इस्त्री आणि मल्टिप्लगवरून २००० वॅटची इंडक्शन शेगडी चालायची. बेरीज ४५०० वॅट, २३० व्होल्टला जवळजवळ २० अँपिअर. भिंतीतल्या पाइपमधून गेलेली दीडची तांब्याची वायर साधारण १४-१५ अँपिअरची. सहाचा एमसीबी पडत होता तो या घराला वाचवत होता. ३२ च्या एमसीबीला २० अँपिअर म्हणजे काहीच नाही, ते दिवसभर वाहिले तरी तो पडणार नाही. वायर मात्र रोज थोडी थोडी भाजत राहते, आणि शेवटी खरोखर शॉर्टसर्किट होतं. बातमीत तेवढंच छापून येतं.

एमसीबी उपकरणासाठी नसतो, भिंतीतल्या वायरसाठी असतो. त्याचा आकडा वायर बघून ठरवायचा. दिव्यांची लाइन दीडची असेल तर ६ किंवा फार तर १० अँपिअर. जुनी अॅल्युमिनियमची वायर असेल तर ६ च्या वर जाऊच नये. वायरिंगच्या भारतीय मानकात दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर १० पॉइंट आणि ८०० वॅट ही मर्यादा आहे, म्हणजे जेमतेम साडेतीन अँपिअर. चार पंखे, डझनभर एलईडी दिवे, टीव्ही, मोबाइलचे चार्जर सगळं एकदम लावलं तरी साडेपाचशे वॅटच्या आसपास जातं. मग सहाचा कमी कसा पडेल? तो पडत असेल तर त्या लाइनवर काहीतरी नको ते चाललंय किंवा वायरिंगमध्ये दोष आहे, हे शोधायला हवं. रॉड, इस्त्री, शेगडीसाठी १६ अँपिअरच्या पॉवर सॉकेटची वेगळी लाइन ओढावी, किमान अडीचच्या वायरची. खर्च होतो, मान्य आहे.

एक अडचण मात्र खरी आहे. हल्ली एका बटणावर दहा-पंधरा एलईडी लावतात. बटण दाबल्याबरोबर त्यांच्या ड्रायव्हरमधले (दिव्याला हवी तशी वीज पुरवणाऱ्या आतल्या सर्किटमधले) कपॅसिटर क्षणभर बराच करंट ओढतात आणि बी प्रकारचा एमसीबी उगाच पडतो. बी हा आकड्याच्या ३ ते ५ पटीला तत्काळ पडतो, सी हा ५ ते १० पटीला. म्हणून अशा ठिकाणी बी ६ काढून सी ६ बसवावा. अक्षर बदलायचं, आकडा नाही. दुकानात ‘जरा मोठा द्या’ म्हणणाऱ्यांना, आणि तो निमूट काढून देणाऱ्यांनाही, मी हे हात जोडून सांगत आलो आहे.

शिवाय एमसीबी शॉकपासून वाचवत नाही, त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की लाइन तोडणारा स्विच, वेगळा लागतो. मुलं असलेल्या घरात तो नसला की मला फार काळजी वाटते.

वाचकांनी आज एमसीबीच्या पेटीचं नुसतं झाकण उघडून दिव्यांच्या एमसीबीवर छापलेला आकडा वाचावा. १६, २० किंवा ३२ दिसला तर परवानाधारक वायरमनला बोलावून आतली वायर तपासून घ्यावी. स्वतः आत हात घालू नये. आणि आपल्या वार्ताहरांना विनंती, पुढच्या आगीच्या बातमीत एमसीबी कितीचा होता आणि वायर कितीची होती, हेही विचारून छापावं.

आपला,
एक निवृत्त वायरमन, मिरज