बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

मुंबई

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर आवाज खाली करून विचारलंत, "तुझ्या त्या अणुबॉम्बच्या अभ्यासाचा तुला पुढे त्रास तर होणार नाही ना?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

बॉम्ब कसा बनतो हे मी शोधत नाही. काय लपवायचं हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, ते शोधते. ६ एप्रिल १९४८ ला दिल्लीत संविधान सभेत अणुऊर्जेचं विधेयक चर्चेला आलं. कृष्णमूर्ती राव नावाच्या सभासदांनी विचारलं, ब्रिटिश कायद्यात गुप्तता संरक्षणाच्या कामापुरतीच आहे, मग आपल्याकडे सगळ्यालाच का? शांततेचं काम आणि संरक्षणाचं काम वेगळं कसं काढायचं, हे आपल्याला कळत नाही, असं नेहरूंनी कबूल केलं. सगळं छापील कामकाजात आहे, कुणीही वाचावं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ पान उलटलं नाही. ट्रॉम्बेची अप्सरा अणुभट्टी सुरू व्हायला अजून आठ वर्षं होती, आणि तुम्ही घरी कामाबद्दल चकार शब्द का काढत नव्हतात त्याची सुरुवात मला तिथे सापडली.

पुढचे कागद मिळणं कठीण. माहिती अधिकारात वीस वर्षांपूर्वीचं बरंच खुलं करावं लागतं, पण देशाच्या सुरक्षेचा अपवाद तेव्हाही कायम राहतो. एका कार्यालयाने मला सात महिन्यांनी दोन ओळींत नकार कळवला. त्या दिवशी फार वाईट वाटलं. पण कायदा मोडून मी काही मिळवलेलं नाही, मिळवणारही नाही. तेवढी काळजी सोडा.

बाबा, तुम्ही गुप्ततेच्या कागदावर सही केली होती, तुम्हाला मी काही विचारणार नाही. मला आईशी बोलायचंय. तिने कुठेच सही केली नव्हती, तरी अणुशक्तीनगरच्या क्वार्टर्समध्ये इतकी वर्षं तिनेही तोंड मिटूनच संसार केला. हे कुठल्याच फायलीत सापडणार नाही.

आई, गणपतीला चिपळूणला येते तेव्हा दोन दुपारी माझ्यासाठी ठेव. बाबांना रात्री उशीर झाला की तू शेजारी काय सांगायचीस? आणि १८ मे १९७४ ला पोखरणची बातमी आली, त्या संध्याकाळी बाबा घरी आल्यावर तुमचं काय बोलणं झालं?

बाबांच्या गुडघ्याचं तेल आणतेय.

तुमची,
मनू