डब्यातल्या गोळ्यांबद्दल

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

रविवारी रात्री पुण्याला सुखरूप पोचले. कराडहून एसटी लगेच मिळाली. पण वाटभर तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा डोळ्यांसमोरून हलेना. फोनवर मी रोज "गोळ्या घेतल्या का?" विचारते, तुम्ही "हो" म्हणता आणि विषय संपतो. म्हणून या वेळी सविस्तर लिहितेय.

आई, तू गोळ्या खरंच घेत होतीस, एकही न चुकवता. घोळ तिथंच झाला. दवाखान्यातून घरी सोडताना बीपीची एक गोळी लिहून दिली होती आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांची जुनी गोळीही चालूच राहिली. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, रंगही वेगळे. पाकिटं उलटी करून बाबांच्या भिंगातून बारीक अक्षरं वाचली, तर दोन्हींवर एकच औषध: टेल्मिसार्टन ४०. म्हणजे तीन आठवडे तू दुप्पट डोस घेत होतीस. देवघरातून उठताना तुला भिंत धरावी लागायची, तेव्हा तू म्हणालीस, "वय झालं आता." मीही ते मान्य केलं, याचं फार वाईट वाटतं. शनिवारी डॉक्टरांना फोनवर विचारून एक बंद केली आहे. शिल्लक आहे म्हणून ती परत सुरू करू नकोस. आणि काही दिवस तरी उठताना आधी जरा बसून राहा, मग उभी राहा.

त्याच डब्यात रबर लावलेले पट्ट्यांचे सात तुकडे सापडले. मेडिकलवाल्यानं पाच-पाच गोळ्या कापून दिलेल्या, नाव आणि एक्सपायरी कापलेल्या बाजूला गेलेली. "गुलाबी ती साखरेची," असं बाबा म्हणाले खरे, पण कंपनी बदलली की रंगही बदलतो. यापुढे शक्यतो अख्खी पट्टीच घ्या. ते तुकडे वापरू नका, पण टाकूही नका, डॉक्टरांना दाखवायचे आहेत.

बाबा, आता तुमच्याशी भांडायचं आहे. आषाढीला तुम्ही नुसत्या पाण्यावर राहिलात आणि सकाळची ग्लिमेपिराइड मात्र नेमानं घेतलीत. पोटात काही गेलंय की नाही हे ती गोळी बघत नाही, ती साखर उतरवतच राहते. दुपारी तुम्हाला दरदरून घाम फुटला, हात कापायला लागले, शब्द सापडेनात. आईनं वेळीच साखरपाणी दिलं म्हणून निभावलं. उपास करू नका असं मी म्हणणार नाही, त्या दिवसाचं तुम्हाला किती आहे ते मला माहीत आहे. पण उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं, ते डॉक्टरांना आधी विचारायचं. स्वतःच्या मनानं घ्यायचीही नाही आणि सोडायचीही नाही.

गुडघ्यासाठी आणता ती दुखण्याची गोळी तुम्ही औषधात धरतच नाही, म्हणून डॉक्टरांनाही सांगत नाही. तुमची रक्त पातळ ठेवायची ॲस्पिरिन चालू आहे. दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि बीपीच्या गोळीबरोबर ती मूत्रपिंडांवरही ताण आणते. कृपा करून विचारल्याशिवाय घेऊ नका.

आई, थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासानं. आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब, म्हणजे जेवणानंतरच घे.

हृदयाचे डॉक्टर वेगळे, साखरेचे वेगळे, हाडांचे वेगळे. प्रत्येकानं आपापल्या परीनं नीटच लिहून दिलं असेल, पण सगळ्या गोळ्या एकत्र एकानंही पाहिलेल्या नाहीत. म्हणून येत्या शनिवारी मी येतेय. अकराची वेळ घेतली आहे. डबा आहे तसा न्यायचा, आईचा काढा आणि बाबांचं ते मेथी-जांभळाचं चूर्णही. डॉक्टरांसमोर एकच यादी करू: औषधाचं मूळ नाव, किती, कधी, कशासाठी. बाबा, ती तुमच्या अक्षरात हवी, मोठी आणि ठळक. एक प्रत फ्रिजवर, एक तुमच्या पाकिटात.

काळजी घ्या.

तुमची लेक

ता. क. बाबा, दूध आलं नाही की तुम्ही कालनिर्णयवर फुली मारता, इतकी वर्षं एकही चुकलेली नाही. त्याच चौकोनात गोळ्यांसाठी दोन टिंबं द्याल का, सकाळचं एक, रात्रीचं एक? शनिवारी आले की आधी तेच बघेन.