काठावरच्या घरांचाही विमा उतरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की आपल्या दैनिकात रोज तक्ता येतो. कोयनेतून किती क्युसेक सोडले, राधानगरीचे किती दरवाजे उघडले, काळम्मावाडीत किती साठा, अलमट्टीतून विसर्ग किती. आम्ही नदीकाठची माणसं बाकीच्या बातम्या नंतर वाचतो, हा तक्ता आधी. कल्लोळ-यडूर बंधारा पाण्याखाली गेला की जनावरं माळावर न्यायची, धान्याची पोती माळ्यावर चढवायची, हे सांगायला आम्हाला तहसीलदार लागत नाही. पाणी उतरलं की दुसरा तक्ता येतो: किती घरं पूर्ण पडली, किती अंशतः. त्यांपैकी किती घरांचा विमा होता, हा रकाना मात्र मी आजवर कुठे पाहिला नाही. छापलात तरी तो जवळजवळ कोराच राहील.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय अशा सगळ्या एकदम चढल्या. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी राष्ट्रीय महामार्गावर आलं आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक थांबली. जुलै २०२१ मध्ये तिथेच पुन्हा तेच झालं. २०१९ ला आपल्या कर्नाटक सरकारने पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख रुपये जाहीर केले. ते मिळाले त्यांची घरं उभी राहिली, त्याबद्दल सरकारचे आभार मानायला हवेत. पण हे ५ लाख म्हणजे काही हक्क नव्हता, त्या वेळच्या सरकारची मर्जी होती. केंद्राने २०२२ ते २०२६ या मुदतीसाठी आपत्ती निधीचे जे निकष ठरवले, त्यांत सपाट प्रदेशातल्या पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार आहेत. पक्कं घर अंशतः पडलं असेल तर ६ हजार ५०० आणि कच्चं असेल तर ४ हजार. घरालगतच्या गोठ्याला ३ हजार. वाहून गेलेल्या भांड्यांचे कुटुंबामागे अडीच हजार, कपड्यांचे अडीच हजार. यावर राज्याने तिजोरीतून किती भर घालायची, ते त्या-त्या वर्षी ठरतं. निवडणूक जवळ असली तर जास्त ठरतं, असं आमच्याकडे चावडीवर बोलतात. मी त्यात पडत नाही.

घर पूर्ण पडलं की अंशतः, हे ठरतं पंचनाम्यात, आणि इथेच खरी मेख आहे. आमच्या भागात अजून पुष्कळ घरं भेंड्याची आहेत. वर कौलं, खाली पांढऱ्या मातीच्या जाड भिंती. पाणी चार दिवस घरात थांबलं आणि गेलं, की भिंत लगेच पडत नाही. ती उभी असते. बुडाचा हातभर भाग नुसता चिखल झालेला असतो, बोट घातलं तर पेरभर आत जातं. मग ऊन पडतं, भिंत वाळायला लागते, आणि आठ-पंधरा दिवसांनी एखाद्या रात्री तुळईसकट आत बसते. पंचनामा करणारा माणूस येऊन गेलेला असतो पहिल्या आठवड्यात. त्याच्या कागदावर घर ‘अंशतः’. दुसऱ्यांदा बोलवायचं तर पंचायतीत अर्ज, तालुक्याला अर्ज, आणि तोवर यादी वर गेलेली असते. त्या माणसाचाही दोष म्हणता येत नाही. त्याच्याकडे पाच गावं आणि एक मोटरसायकल.

आता विम्याचं बघू. घराचा विमा मिळतच नाही असं नाही. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच साच्यातली पॉलिसी देणं बंधनकारक केलं. तिच्यात आगीबरोबर पूरही येतो, वेगळा मागावा लागत नाही. घराच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरातल्या सामानाचाही विमा यादी न देता त्यातच धरतात. घराची किंमत कमी लावली म्हणून भरपाईत त्या प्रमाणात कात्री लावायची, ही जुनी पद्धतही तिच्यात नाही. कागदावर चांगलीच पॉलिसी आहे. पण आमच्या गावात ती कोणाकडे आहे? बँकेचं कर्ज काढून स्लॅबचं घर बांधलेल्यांकडे असेल, तीही बँकेने परस्पर काढलेली. पॉलिसीचा कागद बँकेत आणि हप्ता खात्यातून वजा, घरमालकाला पत्ताही नसतो.

मी स्वतः चौकशी केली. एजंटने आधी हौसेने माहिती दिली, हप्ता वर्षाला काही शेकड्यांतच पडेल म्हणाला. मग विचारलं, घर नदीपासून किती लांब? मी खरं ते सांगितलं. भिंती कशाच्या? तेही सांगितलं. त्यानंतर त्याचा फोन आला नाही, आणि माझा त्याने उचलला नाही. त्याच्यावर राग नाही. एवढ्याशा हप्त्यावर त्याला कमिशन ते किती मिळणार, आणि कंपनीला तरी दर दोन-चार वर्षांनी बुडणारं घर कशाला हवं?

हाच या धंद्यातला अडसर आहे. पुराचा विमा ज्याच्या दारात पाणी येतं तोच मागतो. माळावरचा किंवा चिकोडी शहरातला माणूस मागत नाही. सगळे बुडणारेच एका खात्यात आले की हप्ता इतका चढतो की बुडणाराही घेत नाही. म्हणून हे काम बाजारावर सोडून भागत नाही, सरकारला मध्ये पडावंच लागतं. पिकासाठी सरकार पडलंच ना? प्रधानमंत्री पीक विमा योजनेत २०१६ पासून शेतकरी खरिपाच्या धान्य-तेलबियांना विमा रकमेच्या २ टक्के भरतो, उरलेला हप्ता केंद्र आणि राज्य भरतं. त्या योजनेच्याही तक्रारी आहेत, आपल्या दैनिकात त्या येतात. तरी रानातल्या सोयाबीनला सरकारी विमा आहे आणि ते सोयाबीन ज्या सोप्यात आणून ठेवतो त्या घराला नाही, हे कोणत्या हिशोबात बसतं?

सरकारी पूरविमा म्हटला की लगेच अमेरिकेचं उदाहरण पुढे येतं, आणि ते यायलाच हवं. तिथे १९६८ पासून केंद्र सरकार पुराचा विमा देतं. हप्ता वर्षानुवर्षं खऱ्या धोक्यापेक्षा कमी ठेवला, तीच ती घरं पुन्हापुन्हा बुडाली, पुन्हापुन्हा भरपाई घेऊन त्याच जागी उभी राहिली. २०१७ मध्ये त्या योजनेचं १६ अब्ज डॉलरचं सरकारी कर्ज माफ केलं, तरी तिच्या डोक्यावर २० अब्जांहून जास्त राहिलं. शेवटी ऑक्टोबर २०२१ पासून प्रत्येक घराचा धोका पाहून हप्ता लावायला लागले, तर गरीब घरमालक ओरडू लागले. आपण ते जसंच्या तसं आणावं असं मी म्हणत नाही. फ्रान्सने १९८२ पासून वेगळी वाट धरली आहे. तिथे घराचा कोणताही विमा घेतला की त्यावर नैसर्गिक आपत्तीचा अधिभार सगळ्यांना सारख्याच दराने लागतो, डोंगरावरच्यालाही आणि नदीकाठच्यालाही. तो १२ टक्के होता, जानेवारी २०२५ पासून २० झाला. म्हणजे फुकट काहीच नाही. इंग्लंडने २०१६ पासून पूरघरांसाठी सामाईक निधी केला, पण १ जानेवारी २००९ नंतर बांधलेली घरं त्यातून बाहेर ठेवली. ही अट मला फार पटते. आज निपाणी, गोकाक, बेळगावात नाल्यावर नि पूररेषेत प्लॉट पाडून विकणाऱ्याला उद्या सरकारी विम्याची हमी मिळाली, तर तो जाहिरातीत तेच छापेल.

तेव्हा मागणी अशी. ठरावीक तारखेआधी उभ्या असलेल्या घरांसाठी राज्याने एक पूरविमा निधी करावा. त्याचा हप्ता घरपट्टीबरोबर अख्ख्या जिल्ह्यातून घ्यावा, काठावरच्याकडून थोडा जास्त, माळावरच्याकडून नाममात्र, आणि बीपीएल कार्डधारकाचा सरकारने भरावा. पूर आल्यावर दर वेळी तिजोरीतून द्यायचे ते पैसे थोडे आधी आणि ठरवून द्यायचे, इतकाच हा फरक. कंपनी खासगी असो वा सरकारी, काठावरच्याला नाही म्हणायची मुभा तिला नको.

आणि भरपाईचे दोन भाग करावेत. पहिला भाग पंचनाम्याशिवाय, नदीच्या पातळीवर. केंद्रीय जल आयोगाची मोजणी केंद्रं सदलग्याला दूधगंगेवर आणि कुरुंदवाडला कृष्णेवर आधीपासून आहेत, त्यांचे आकडे रोज निघतात. पातळी अमुक मीटरवर गेली की त्या पातळीत येणाऱ्या गल्ल्यांतल्या घरांच्या खात्यात ठरलेली रक्कम आपोआप जमा. हे हवेतलं नाही. नागालँडने पावसाच्या आकड्यावर चालणारा असा विमा राज्यासाठी घेतलेला आहे. गंजी केंद्रातून, म्हणजे पूरग्रस्तांच्या सरकारी छावणीतून, माणूस घरी परततो तेव्हा त्याला लागतात ते पैसे हेच: चिखल काढायला, पत्रे घ्यायला, महिनाभर भाड्याची खोली बघायला. दुसरा भाग प्रत्यक्ष नुकसानीवर, आणि मातीच्या घराची पाहणी पाणी उतरल्यावर महिन्याने पुन्हा एकदा, सक्तीने.

यातही एक खोट आहे, ती आधीच सांगतो. पाणी नेहमी नदीच्या पात्रातूनच येतं असं नाही. पुष्कळदा नदी धोक्याच्या खुणेखाली असते, पण तिच्या फुगवट्याने ओढा मागे सरतो आणि परड्याच्या बाजूने गल्लीत शिरतो. नदीकडे बघत बसलेल्याला मागून पाणी लागतं. मोजणी केंद्रावर ते दिसणार नाही. म्हणून प्रत्येक गावात २०१९ चं पाणी कुठवर आलं होतं त्याच्या खुणा अजून आहेत तोवर नकाशावर घ्याव्यात. देवळाच्या खांबावर, शाळेच्या भिंतीवर लोकांनी त्या रंगवून ठेवल्या आहेत. रंग उडतोय.

उताऱ्याचा प्रश्न सगळ्यांत किचकट. गावठाणातली निम्मी घरं अजून आजोबा-पणजोबांच्या नावावर, राहणारे तीन भाऊ, तीन चुली, उतारा एक. आजच्या मदतीत तिघांत एकच लाभार्थी ठरतो आणि भाऊबंदकी पेटते ती वेगळीच. विमा देताना मालकीपेक्षा राहणं धरावं; वीजबिल आणि रेशनकार्ड पुरेसं मानावं. निपाणीच्या बाजारातले भाडोत्री दुकानदारही यात यावेत. त्यांचा माल बुडतो, पण पडलेल्या घरांच्या यादीत माल कुठे येतो?

अर्ज आणि अटी कन्नडबरोबर मराठीतही द्याव्यात, हे वेगळं सांगायला नको होतं. यात राजकारण आणायचं नाही. पॉलिसीचा इंग्रजी कागद आमच्याकडे कोणालाच समजत नाही, कानडी शेजाऱ्यालाही नाही. कशाची भरपाई मिळणार नाही हे सही करण्याआधी कळावं, एवढंच.

सरकारला आज करता येईल अशी आणखी एक गोष्ट आहे. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, घराच्या विम्यावर मात्र तो १८ टक्केच राहिला. तो काढायला ना निधी लागतो, ना नकाशा.

अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ करावी की करू नये, यावर महाराष्ट्र आणि कर्नाटक, दोन्हीकडचे पुढारी तावातावाने बोलतात. बोलू देत, तो वाद मोठा आहे आणि न्यायालयात आहे. पण उंची वाढली काय आणि न वाढली काय, जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या गल्लीत पाणी येतंच. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये हिवाळी अधिवेशन भरतं तेव्हा चिकोडी, निपाणी, कागवाड, अथणी, रायबाग, गोकाक आणि खानापूरच्या आमदारांनी, पक्ष कोणताही असो, महसूलमंत्र्यांना एक प्रश्न लेखी विचारावा: २०१९ पासून आजवर या जिल्ह्यात पडलेल्या घरांना एकूण किती रक्कम दिली, आणि तेवढ्या रकमेत काठावरच्या सगळ्या घरांचा किती वर्षांचा हप्ता भरला गेला असता? उत्तर आलं की आपण ते छापावं, ही विनंती.

आपला,
दूधगंगाकाठचा एक घरमालक
ता. चिकोडी, जि. बेळगाव