पासबुकाच्या रांगेतल्या काकांना

काका,
सा. नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. सदाशिव पेठेतल्या त्या शाखेत पासबुक छापून घेतलं आणि मला रडूच आलं. मागे तुम्ही उभे होतात. "काय झालं, ताई?" एवढंच विचारलंत.

डब्यांच्या ऑर्डरचा १८,४०० रुपयांचा चेक मी पेटीत टाकला होता. तो सहा दिवस तसाच पडून राहिला. तेवढ्यात फ्रीजचा हप्ता परत गेला, त्याचे जीएसटीसकट ५९० रुपये कापले, पाठोपाठ मिनिमम बॅलन्सचा दंडही लागला. काउंटरवर एकच उत्तर, "सिस्टीमने कापलेत."

तुम्ही चष्मा लावून एकेक नोंद पाहिलीत. "चेक हल्ली कुठे जात नाही, त्याचा फोटो जातो. फोटोच काढला नसेल तर वटणार कसा?" हे तुमच्यामुळे कळलं. ४ ऑक्टोबर २०२५ पासून, दिवसा ठरलेल्या वेळेत क्लिअरिंगला गेलेला चेक पास की नापास, हे चेक ज्या बँकेचा तिला त्याच दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत सांगावं लागतं, हेही. शिल्लक कमी पडली तर आधी कळवून महिनाभर मुदत द्यायची, मगच दंड, असा रिझर्व्ह बँकेचा २०१५ पासूनचा नियम आहे. मला ना एसएमएस आला होता, ना पत्र. आणि चेक काउंटरवर देऊन स्लिपवर शिक्का मागता येतो, बँकेला नाही म्हणता येत नाही. इतकी वर्षं मी मुकाट्याने पेटीत टाकत आले!

मी म्हटलं, अर्ज तुम्हीच लिहून द्या. तुम्ही पेन माझ्या हातात दिलंत. चार वेळा खाडाखोड झाली, पण तुम्ही थांबलात. दोन प्रती करायला लावल्यात, एकीवर तारखेसह पोच घ्यायला लावलीत. "आता तीस दिवस मोजायचे. उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार, पैसे पडत नाहीत."

तिथवर जावंच लागलं नाही. एकोणिसाव्या दिवशी ५९० रुपये परत आले, दंडही आला. शिवाय चेकच्या उशिराचं व्याज, ७ रुपये ५६ पैसे. फायनान्सवाल्यांनी वेगळा लावलेला दंड तेवढा गेला. पण काका, ते साडेसात रुपये पाहून मला जो आनंद झाला, तो १८,४०० जमा झाले तेव्हाही झाला नव्हता. चूक त्यांची होती, हे त्यांच्याच पासबुकात छापून आलं होतं.

त्या दिवशी तुम्ही चहासुद्धा घेतला नाहीत. येत्या संकष्टीला उकडीचे मोदक करणार आहे. सकाळी दहाला शाखेच्या दारात डबा घेऊन थांबते. नक्की या.

तुमची,
डबेवाली ताई